सेसिलिया पेन-गापोश्किन : ताऱ्यांच्या घडणीचा शोध

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• सेसिलिया पेन-गापोश्किन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत, हा निष्कर्ष त्यांनी कशाच्या आधारे काढला, ते सोप्या शब्दांत स्पष्ट करता येईल.
• पुरावा आणि प्रस्थापित मत यांच्यातील विरोधाचा त्यांच्या कारकिर्दीवर झालेला परिणाम विशद करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सूर्य कशाचा बनला आहे, असा प्रश्न आज शाळकरी मुलाला विचारला तरी तो हायड्रोजन आणि हेलियम या वायूंची नावे सांगतो. ही माहिती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणीतरी कधीतरी शोधून काढली असेल, हे ध्यानातही येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र जगातील नामवंत खगोलशास्त्रज्ञांचे उत्तर वेगळे होते. सूर्य आणि तारे जवळजवळ पृथ्वीच्याच द्रव्याचे बनलेले आहेत, फक्त ते अतिशय तापलेले आहेत, असे ते मानत. हे मत चुकीचे असल्याचे दाखवणारा पुरावा १९२५ साली पंचविशीतल्या एका संशोधक स्त्रीने आपल्या प्रबंधात मांडला. तिचे नाव सेसिलिया पेन.

शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना आपले लक्ष स्वाभाविकपणे त्याच्या शोधाकडे जाते. शोध लागल्यापासून तो मान्य होईपर्यंतच्या काळाकडे ते सहसा जात नाही. सेसिलिया यांच्या चरित्रात हा मधला काळच विशेष महत्त्वाचा आहे. त्यांचा निष्कर्ष मान्य होण्यास चार वर्षे लागली. त्यांच्या योग्यतेला साजेसे पद मिळण्यास एकतीस वर्षे लागली. हे असे का घडले, हे समजून घेण्यासाठी आपण त्यांच्या जीवनाचा क्रमाने परिचय करून घेऊ.

३. बालपण आणि शिक्षण

सेसिलिया हेलेना पेन यांचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यातील वेंडोव्हर या गावी झाला. त्यांचे वडील एडवर्ड पेन हे बॅरिस्टर होते. इतिहासलेखन आणि संगीत या क्षेत्रांतही त्यांना गती होती. आई एमा या जर्मन वंशाच्या, विद्येची परंपरा असलेल्या घराण्यातील होत्या. सेसिलिया चार वर्षांच्या असतानाच वडिलांचे निधन झाले आणि तीन मुलांच्या संगोपनाची जबाबदारी एकट्या आईवर येऊन पडली. आईने ती नेटाने पार पाडली. सेसिलिया यांचा भाऊ हम्फ्री पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून नावारूपाला आला.

लंडनमधील सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत सेसिलिया यांच्या विज्ञानाच्या ओढीला पोषक वातावरण लाभले. विख्यात संगीतकार गुस्टाव होल्स्ट त्या शाळेत संगीत शिकवीत. सेसिलिया यांनी संगीतालाच वाहून घ्यावे, असे त्यांनी सुचवले होते. परंतु सेसिलिया यांचा निश्चय झालेला होता. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिज विद्यापीठातील न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय त्यांनी अभ्यासासाठी निवडले.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग घडला. मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आर्थर एडिंग्टन हे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या प्रिन्सिपे बेटावर गेले होते. सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वाकतात की नाही, याची परीक्षा त्यांनी तेथे घेतली. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी या मोहिमेवर व्याख्यान दिले आणि ते ऐकण्याची संधी सेसिलिया यांना मिळाली. व्याख्यानाने त्या इतक्या भारावून गेल्या की, खोलीवर परतताच त्यांनी ते आठवून जसेच्या तसे लिहून काढले. वनस्पतिशास्त्राची वाट तेथेच सुटली. आपले क्षेत्र खगोलशास्त्र हेच, असे त्यांनी मनाशी ठरवले.

केंब्रिजमधील वातावरण मात्र स्त्रियांना अनुकूल नव्हते. थोर भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या वर्गात स्त्रियांनी पुढच्या रांगेत वेगळे बसावे, असा दंडक होता. त्या वर्गात सेसिलिया एकट्याच स्त्री होत्या. व्याख्यानाच्या आरंभी रदरफोर्ड त्यांच्याकडे रोखून पाहत स्त्रीवर्गाला उद्देशून संबोधन करीत आणि मागचे विद्यार्थी पाय आपटून हसत. हा प्रकार नित्याचा होता. याहून मोठा अडसर नियमांचा होता. अभ्यासक्रम पूर्ण करूनही केंब्रिजकडून स्त्रियांना पदवी दिली जात नसे. तो अधिकार त्यांना १९४८ साली मिळाला. इंग्लंडमध्ये राहिल्यास शालेय शिक्षिकेखेरीज अन्य काही होता येणार नाही, हे सेसिलिया यांनी ओळखले. याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅपली लंडनला आले असता त्यांची भेट झाली. हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळवून १९२३ मध्ये सेसिलिया अमेरिकेस गेल्या.

४. हार्वर्डची वेधशाळा आणि साहा यांचे समीकरण

हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या छायाचित्रांचा फार मोठा संग्रह होता. ही छायाचित्रे काचेच्या फलकांवर घेतलेली होती. त्यांचे मोजमाप, नोंदी आणि वर्गीकरण करण्याचे किचकट काम तेथील स्त्रिया अनेक वर्षांपासून करीत आल्या होत्या. त्यांचे वेतन अल्प होते. त्यांपैकी अ‍ॅनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांची वर्गवारी केली होती. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या अक्षरांनी ओळखले जाणारे ताऱ्यांचे वर्ग आजही वापरात आहेत. परंतु या वर्गांमागील कारण काय, याचा उलगडा पुरता झालेला नव्हता. माहितीचे भांडार तयार होते. त्याचा अर्थ लावणारे कोणीतरी हवे होते.

येथे वर्णपट म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की त्याचा रंगीत पट्टा तयार होतो, त्यास वर्णपट म्हणतात. हा पट्टा बारकाईने पाहिल्यास त्यात अनेक काळ्या रेषा आढळतात. ताऱ्याभोवतीच्या वायूतील अणू प्रकाशाचे ठरावीक अंश शोषून घेतात, म्हणून या रेषा उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्यामुळे रेषा पाहून ताऱ्यात कोणते मूलद्रव्य आहे, ते सांगता येते. सूर्याच्या वर्णपटात लोह, कॅल्शियम इत्यादी धातूंच्या रेषा विपुल आणि ठळक दिसतात. यावरून सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असली पाहिजे, असे शास्त्रज्ञांनी मानले होते.

या अनुमानातील उणीव दाखवण्याचे साधन भारतातून आले. १९२० साली कलकत्त्यात काम करणारे तरुण शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी एक समीकरण मांडले. उष्णता वाढली की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटू लागतात, यास आयनीभवन असे म्हणतात. दिलेल्या तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू या अवस्थेत असतील, हे साहा यांच्या समीकरणाने काढता येऊ लागले. अणूच्या अवस्थेनुसार त्याच्या रेषा बदलतात. म्हणजेच रेषेचा ठळकपणा केवळ मूलद्रव्याच्या प्रमाणावर ठरत नाही, तापमानावरही ठरतो. केंब्रिजमधील राल्फ फाउलर आणि एडवर्ड मिल्न यांनी हा सिद्धांत पुढे विकसित केला. हार्वर्डचे फलक हाताशी असतील, तर या सिद्धांताची कसोटी घेता येईल, हे मिल्न यांच्याशी झालेल्या चर्चेतून सेसिलिया यांना उमगले होते. हार्वर्डला पोहोचताच त्यांनी हेच काम हाती घेतले.

५. प्रबंध आणि त्यातील निष्कर्ष

पुढील दोन वर्षे सेसिलिया यांनी अहोरात्र परिश्रम केले. फलकांवरील रेषांच्या ठळकपणाचा अंदाज घ्यायचा, तो निरनिराळ्या वर्गांतील ताऱ्यांमध्ये कसा बदलतो ते पाहायचे आणि साहा यांच्या समीकरणाशी त्याची सांगड घालायची, असे या कामाचे स्वरूप होते. त्यातून ताऱ्यांच्या तापमानाची मोजपट्टी सिद्ध झाली. ओ वर्गातील निळसर तारे अत्यंत तप्त, तर एम वर्गातील तांबूस तारे त्या मानाने थंड असतात. ताऱ्यांच्या वर्णपटांत दिसणारा फरक मुख्यतः तापमानामुळे पडतो. त्यांचे द्रव्य मात्र बव्हंशी सारखेच असते. कॅनन यांच्या वर्गवारीमागील कारण अशा रीतीने स्पष्ट झाले.

यानंतर सेसिलिया यांनी अठरा मूलद्रव्यांचे ताऱ्यांमधील प्रमाण काढले. सिलिकॉन, लोह यांसारख्या मूलद्रव्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाशी बरेचसे जुळले. दोन मूलद्रव्ये मात्र या हिशेबात बसेनात. हेलियमचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी पटींनी अधिक आले. हायड्रोजनचे प्रमाण तर धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाले.

हे कसे शक्य आहे, ते एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. एखाद्या सभेत मूठभर माणसे मोठमोठ्याने बोलत असतात आणि बाकीचा मोठा समुदाय गप्प बसलेला असतो. बाहेर उभे राहून केवळ आवाजावरून अंदाज बांधणाऱ्याला सभेत ती मूठभर माणसेच आहेत, असे वाटेल. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन असते. या तापमानाला कॅल्शियमचे अणू ठळक रेषा उमटवण्याच्या अवस्थेत असतात. हायड्रोजनची दृश्य प्रकाशातील रेषा उमटण्यासाठी मात्र त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉन आधीच वरच्या पातळीवर गेलेला असावा लागतो, आणि सूर्यावर अशा अवस्थेतील अणू कोट्यवधींमागे एखादाच असतो. एवढ्या थोड्या अणूंमुळेसुद्धा हायड्रोजनच्या रेषा दिसत असतील, तर न दिसणारा हायड्रोजन किती अफाट असला पाहिजे! सेसिलिया यांच्या गणिताचे सार हेच होते.

६. नमते घेतलेला निष्कर्ष

शॅपली यांनी हा प्रबंध अभिप्रायासाठी प्रिन्स्टन विद्यापीठातील हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवला. रसेल हे अमेरिकेतील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ होते आणि स्वतः शॅपली त्यांचे विद्यार्थी होते. पृथ्वीचे कवच सूर्याइतके तापवले, तर त्याचा वर्णपट सूर्यासारखाच दिसेल, असे रसेल यांचे मत होते. प्रबंधाची त्यांनी प्रशंसा केली. परंतु हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणे त्यांना सर्वस्वी अशक्य वाटले. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी सेसिलिया यांना तसे पत्राने कळवले.

सेसिलिया यांच्यापुढे पेच उभा राहिला. रसेल यांच्या एका शब्दावर तरुण संशोधकाचे भवितव्य ठरत असे. सेसिलिया परक्या देशात होत्या, शिष्यवृत्तीवर दिवस काढीत होत्या आणि त्यांच्या हाती अद्याप पदवीही नव्हती. त्यांनी आपली आकडेवारी प्रबंधात कायम ठेवली. मात्र हायड्रोजन आणि हेलियम यांचे मिळालेले प्रमाण बहुधा वास्तव नसावे, अशा आशयाचे विधान तिच्यासोबत जोडले. स्वतःच्या पुराव्याविरुद्ध त्यांना स्वतःच लिहावे लागले.

हार्वर्डकडून स्त्रियांना डॉक्टरेट दिली जात नसल्याने १९२५ साली ही पदवी त्यांना संलग्न असलेल्या रॅडक्लिफ महाविद्यालयाकडून मिळाली. खगोलशास्त्रातील डॉक्टरेट तेथून मिळवणाऱ्या त्या पहिल्याच होत. हा प्रबंध ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. खगोलशास्त्रात लिहिल्या गेलेल्या प्रबंधांमध्ये तो सर्वाधिक तेजस्वी होय, असा गौरव ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी पुढे केला.

१९२९ साली रसेल स्वतः वेगळ्या पद्धतीने त्याच निष्कर्षाला पोहोचले. सूर्यावर हायड्रोजनचेच प्राबल्य आहे, हे त्यांनी आपल्या शोधनिबंधात मान्य केले आणि सेसिलिया यांच्या कामाचा उल्लेखही केला. तरीही या शोधाचे श्रेय दीर्घकाळ रसेल यांच्याच नावे जमा होत राहिले. या शोधाचे महत्त्व पुढील दशकात अधिकच स्पष्ट झाले. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना ताऱ्यांना ऊर्जा मिळत असावी, ही कल्पना एडिंग्टन यांनी १९२० मध्ये मांडली होती. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी या प्रक्रियेचा तपशील उलगडला. ताऱ्याकडे हे इंधन मुबलक असल्याखेरीज हा सिद्धांत उभाच राहू शकला नसता. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजनचा आणि उरलेला बहुतेक भाग हेलियमचा आहे, हे आज सर्वमान्य आहे.

७. पदाविना कार्य

डॉक्टरेट मिळाल्यावर सेसिलिया हार्वर्डमध्येच राहिल्या. त्या संशोधन करीत, व्याख्याने देत, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत. परंतु त्यांचे अधिकृत स्थान शॅपली यांच्या तांत्रिक साहाय्यकाचे होते आणि वेतनही तुटपुंजे होते. त्यांनी शिकवलेल्या अभ्यासक्रमांची नोंद विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत १९४५ पर्यंत होत नसे. ज्यांच्या वर्गात विद्यार्थी बसत होते, त्या अध्यापिका कागदोपत्री अस्तित्वातच नव्हत्या.

१९३१ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. पुढच्याच वर्षी त्यांची निकटची मैत्रीण आणि सहकारी अ‍ॅडेलेड एम्स हिचा सरोवरात बुडून मृत्यू झाला. या आघाताने त्या खचल्या. १९३३ मध्ये त्यांनी युरोपातील वेधशाळांचा प्रवास केला. जर्मनीत त्यांची सर्गेई गापोश्किन या मूळच्या रशियन खगोलशास्त्रज्ञाशी गाठ पडली. नाझी राजवटीत त्यांचे तेथे राहणे धोक्याचे झाले होते. अमेरिकेस परतल्यावर सेसिलिया यांनी खटपट करून त्यांना प्रवेशाचा परवाना आणि हार्वर्डमध्ये काम मिळवून दिले. मार्च १९३४ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. संसार आणि संशोधन यांपैकी कशाचीही सेसिलिया यांनी उपेक्षा केली नाही.

पतिपत्नींनी मिळून रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांची तेजस्विता कमी-अधिक होत राहते अशा ताऱ्यांचा, सखोल अभ्यास केला. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. साहाय्यकांच्या मदतीने त्यांनी अशा ताऱ्यांची साडेबारा लाखांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. पुढे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या मॅगेलनी मेघांमधील ताऱ्यांची आणखी वीस लाख निरीक्षणे त्यांत जमा झाली. संगणक आजच्यासारखे हाताशी नसलेल्या काळातील हे काम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागील चिकाटीची कल्पना येते. एकाएकी तेजस्वी होणाऱ्या नवताऱ्यांवरही त्यांनी १९५७ मध्ये ग्रंथ लिहिला.

८. मान्यता आणि सन्मान

१९३४ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेचा अ‍ॅनी कॅनन पुरस्कार सेसिलिया यांना मिळाला. या पुरस्काराच्या त्या पहिल्याच मानकरी ठरल्या. १९३६ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९३८ मध्ये हार्वर्डने त्यांना खगोलशास्त्रज्ञ ही अधिकृत उपाधी दिली. प्राध्यापकपद मात्र अद्याप दूरच होते. ते १९५६ मध्ये मिळाले. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेत अंतर्गत पदोन्नतीने पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच सुमारास खगोलशास्त्र विभागाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. हार्वर्डमध्ये विभागप्रमुख होण्याचा मान मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री ठरल्या. डॉक्टरेटनंतर एकतीस वर्षे लोटली होती.

१९६६ मध्ये त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या, तरी स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत त्यांचे संशोधन चालू राहिले. हेलन सॉयर हॉग, फ्रँक ड्रेक यांसारखे पुढे नामवंत झालेले खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली शिकले. १९६१ मध्ये त्यांना रिटनहाउस पदक मिळाले. १९७६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेने आपल्या सर्वोच्च व्याख्यानासाठी त्यांना पाचारण केले. हा सन्मान हेन्री नॉरिस रसेल यांच्या नावाने दिला जातो. ज्यांच्या अभिप्रायामुळे एकेकाळी त्यांना आपला निष्कर्ष मागे घ्यावा लागला, त्यांच्याच नावाचा सन्मान अर्धशतकानंतर त्यांच्याकडे आला.

उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांनी रसेल यांना दोष दिलेला नाही. आपले बरोबर आहे असे वाटत असतानाही आपण अधिकारापुढे झुकलो, याचा दोष त्यांनी स्वतःकडेच घेतला आहे आणि तथ्यांची खात्री असेल तर आपली बाजू सोडू नये, असा इशारा तरुणांना दिला आहे. त्यांची तेव्हाची परिस्थिती पाहता आपण त्यांना इतक्या कठोरपणे दोष देणार नाही. तथापि आपल्या चुकीचा असा निर्भीड उच्चार करणे, हा त्यांच्या वैज्ञानिक वृत्तीचाच भाग होता. ७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

९. सारांश

सेसिलिया पेन-गापोश्किन यांनी हार्वर्डमधील छायाचित्रफलक आणि मेघनाद साहा यांचे समीकरण यांची सांगड घालून ताऱ्यांचे तापमान आणि त्यांची घडण यांचा उलगडा केला. कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचे परिश्रम, कलकत्त्यात घडलेला सिद्धांत आणि सेसिलिया यांची चिकित्सक बुद्धी यांच्या संगमातून हा शोध लागला. ज्येष्ठांच्या मतापुढे त्यांनी निष्कर्षाला मुरड घातली, पण आकडे पुसले नाहीत. ते आकडे प्रबंधात राहिले, म्हणूनच पुढे त्यांचे अग्रस्थान सिद्ध होऊ शकले. पद, वेतन आणि श्रेय या तिन्ही बाबतींत उपेक्षा वाट्याला येऊनही त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे संशोधन अखंड चालू ठेवले.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एडिंग्टन यांच्या व्याख्यानाचा सेसिलिया यांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?
२. सूर्याची घडण पृथ्वीसारखी आहे, असे शास्त्रज्ञ का मानत होते? त्या अनुमानात कोणती उणीव होती?
३. मेघनाद साहा यांच्या समीकरणाचा सेसिलिया यांच्या संशोधनात कसा उपयोग झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. रसेल यांच्या अभिप्रायानंतर सेसिलिया यांनी घेतलेला निर्णय आपल्याला योग्य वाटतो का? त्यांची तत्कालीन परिस्थिती लक्षात घेऊन सकारण चर्चा करा.
५. आपल्या परिसरातील, कार्य करूनही दीर्घकाळ अपेक्षित स्थान न मिळालेल्या एखाद्या व्यक्तीचे चरित्र सुमारे ३०० शब्दांत लिहा.